लाइन किती वाजता येते?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘जगातील ऊर्जास्रोत आणि वीजनिर्मितीची धोरणे’ असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलणारा माणूस लगेच मेगावॅट आणि टक्केवारीत शिरतो. मी भूगोल शिकवण्यात आयुष्य काढले, त्यामुळे आकडे मलाही सुटणार नाहीत. पण सुरुवात आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या एका शब्दापासून करतो. आपल्याकडे खेड्यात विजेला कोणी वीज म्हणत नाही, ‘लाइन’ म्हणतात. लाइन आली, लाइन गेली, लाइन डिम आहे. आणि हिवाळ्यात हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : या आठवड्यात आपली रात्रीची लाइन आहे.

ज्यांच्याकडे शेती नाही त्यांच्यासाठी या वाक्याचा अर्थ सांगतो. शेतीपंपांना चोवीस तास वीज मिळत नाही. वर्षानुवर्षे पद्धत अशी राहिली, की आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि बाकीचे दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की जेवण आटोपून, कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन माणूस वावरात जातो. लाइन आली की तुषार संच सुरू होतो. तीन-चार तासांनी नळ्या बदलाव्या लागतात. वीस फुटांची नळी खांद्यावर घेऊन ओल्या हरभऱ्यातून चालायचे, क्लिप सोडवायची, पुढच्या ओळीत जोडायची. पौषातली थंडी, हरभऱ्यावरची आंब पायाला झोंबते, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. साप असतो, रानडुक्कर असते, डोक्यावर लोंबती तार असते. हे काम मी केले आहे, आता माझा पुतण्या करतो. उन्हाळ्यात रात्री पाणी दिले तर एक वेळ गारवा तरी असतो. पण हरभऱ्याला पाणी लागते ते फांद्या फुटताना आणि घाटे भरताना, म्हणजे नेमके कडाक्याच्या थंडीत. गव्हाला तर पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास पाणी चुकवून चालत नाही.

तेव्हा आजचा माझा प्रश्न एवढाच आहे : ही वेळ कोणी ठरवली? कोळसा, अणुऊर्जा, पाणी, वारा, सूर्य यांवर जगभर चाललेल्या वादाचा आणि मालेगाव तालुक्यातल्या रात्री दीडच्या ओलिताचा काही संबंध आहे का? माझ्या मते फार जवळचा आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. या सहाही तालुक्यांत एकही औष्णिक वीज केंद्र नाही. सगळ्यांत जवळचे केंद्र अकोला जिल्ह्यात, पारसला. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २००८ मध्ये आणि दुसरा २०१० मध्ये सुरू झाला. हे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाकाठी एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो, म्हणजे रोज जवळपास दोन भरलेल्या मालगाड्या. शिवाय पाणी लागते. पाणी नसेल तर काय होते ते परळीने दाखवून दिले आहे. २०१३ च्या दुष्काळात ते अख्खे केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. अर्थात आपल्या घरात येणारी वीज पारसचीच असते असे नाही. सगळी केंद्रे एकाच जाळ्याला जोडलेली आहेत. चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचे पाणी आणि तारापूरचा अणू असे सगळे एकत्र होऊन ती आपल्या दिव्यात येते.

या जाळ्याचा एक कडक नियम आहे. ज्वारी पेवात साठवता येते, कापूस घरात भरून ठेवता येतो. वीज मात्र ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कोणीतरी वापरावी लागते. निर्मिती आणि वापर यांचा तोल क्षणाक्षणाला सांभाळावा लागतो. तो फार बिघडला तर सगळेच कोसळते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात ते घडले, आणि साठ कोटींवर लोक राहतात एवढा मुलूख एकदम अंधारात गेला.

आता कोळशाच्या केंद्राचा स्वभाव पाहा. त्याचा बॉयलर आपल्या चुलीसारखा नाही, की स्वयंपाक झाला आणि लाकूड ओढून घेतले. तो एकदा थंड झाला तर पुन्हा पेटवून पूर्ण ताकदीवर आणायला कित्येक तास लागतात आणि वरून तेल जाळावे लागते. म्हणून रात्री संच फार तर मंद करतात, बंद करत नाहीत. रात्री बारानंतर मुंबई-पुणे झोपते, कचेऱ्या बंद असतात, दुकाने बंद असतात. पण चंद्रपूरचे चाक फिरतच असते. ती वीज घ्यायला कोणीतरी हवे.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नव्हता. फ्रान्सचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. फ्रान्सकडे तेल नाही, कोळसाही बेताचाच. दुसऱ्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्यांच्या पंतप्रधानांनी, मेस्मेर त्यांचे नाव, अणुवीज केंद्रांचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तो बराचसा पुराही केला. आजही त्या देशाची दोन तृतीयांश वीज अणूपासून होते. अणुकेंद्रही कोळशासारखेच, रात्री बंद करणे सोयीचे नाही. मग रात्रीच्या उरलेल्या विजेचे त्यांनी काय केले? घराघरांत पाणी तापवण्याच्या मोठ्या टाक्या बसवल्या. रात्रीचा दर कमी ठेवला, वीज कंपनीकडून खूण आली की टाकी आपोआप सुरू व्हायची आणि सकाळी घरातल्या माणसाला आंघोळीला गरम पाणी तयार. माणूस झोपलेला, टाकी जागी.

दुसरा मार्ग डोंगराळ देशांनी काढला. रात्रीच्या उरलेल्या विजेने खालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि संध्याकाळी गरज वाढली की ते खाली सोडून वीज करायची. हे आपल्याकडेही आहे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. पण महाराष्ट्राच्या मानाने तो लहान.

आपण आणखी एक टाकी शोधली. ती म्हणजे विहीर आणि तिच्यावरची पाच हॉर्सपॉवरची मोटर. हिशेबाच्या वहीत फ्रान्सची पाण्याची टाकी आणि आमची मोटर सारख्याच दिसतात. दोन्ही रात्रीची वीज घेतात, दोन्ही जाळ्याचा तोल राखतात. फरक वहीत दिसत नाही. टाकीजवळ कोणाला उभे राहावे लागत नाही, ओलिताला लागते. रात्रीच्या विजेची खरी किंमत शेतकऱ्याच्या झोपेतून वसूल झाली आणि ती कोणत्याही दरपत्रकात आली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल की ऑटो स्विच लावा आणि झोपा. पुष्कळांनी लावले. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. पण एका डीपीवर वीस मोटारी असतील आणि विसांनाही ऑटो असेल, तर लाइन येताच सगळ्या एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते. डीपी जळते. मग आठ-दहा दिवस ना दिवसाची लाइन, ना रात्रीची.

रात्रीच्या पाळीचे दुसरे कारण टंचाईचे होते, तेही सांगितले पाहिजे. २००५ ते २०१२ ही वर्षे आठवा. राज्यात मागणी आणि निर्मिती यांत चार-पाच हजार मेगावॅटची खोट होती. खेड्यात बारा-बारा तास भारनियमन होते. जी वीज होती ती दिवसा कारखान्यांना आणि शहरांना लागायची. त्याआधीच्या दहा वर्षांत आपण एन्रॉनच्या पायी काय केले ते जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. १९९२ मध्ये बोलणी, १९९५ मध्ये करार रद्द, पुन्हा नवा करार, १९९९ मध्ये दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू आणि २००१ मध्ये बंद, कारण ती वीज घेणे मंडळाला परवडेना. त्या वादात नवे प्रकल्प मागे पडले आणि त्याचे भारनियमन गावांनी भोगले.

भारनियमनाला इंग्रजीतून आलेला ‘लोडशेडिंग’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतही अगदी असाच घराघरांत आहे. तिथली जुनी कोळसा केंद्रे वारंवार बिघडत गेली, देखभाल राहून गेली आणि २०२३ साली तर वर्षातले बहुतेक दिवस तिथे वीज कापली जात होती. तो देश सोन्याच्या खाणींचा, कोळशाचा. जमिनीत कोळसा असला म्हणजे घरात दिवा लागतोच असे नाही.

आमच्या बांधाला लागून ज्यांचे वावर आहे ते भाऊ रेडिओ आवडीने ऐकतात. युरोपातल्या विजेवरचा एक कार्यक्रम ऐकून त्यांनी मला विचारले, ‘‘काहो सर, तिकडे जर्मनीत वावरातली लाइन किती वाजता येते?’’ मी सांगितले की तिकडे तसे वेळापत्रक नसते, चोवीस तास असते. त्यांचा विश्वास बसला नाही. ‘‘मंग थे लोक ओलित कधी करतात?’’ असे त्यांनी विचारले. वाटेल तेव्हा करतात, हे उत्तर त्यांना मी चेष्टा करतो आहे असे वाटले.

पण जर्मनीचे सगळे सोन्यासारखे आहे असे समजू नका. त्या देशाने २००० साली कायदा केला की सूर्य आणि वारा यांपासून जो वीज करील त्याला वीस वर्षे ठरलेला भाव मिळेल. शेतकऱ्यांनी गोठ्यांच्या छपरांवर पॅनेल घातले, गावांनी पवनचक्क्या उभ्या केल्या. हमीभाव म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. हमी पक्की असली की माणूस पेरतो. आज तिथली निम्म्याहून जास्त वीज अशा स्रोतांतून होते. पण जपानमध्ये २०११ साली फुकुशिमाचा अपघात झाल्यावर जर्मनीने अणुकेंद्रे बंद करण्याचे ठरवले आणि शेवटची तीन १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केली. मध्येच २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाचा गॅस आटला आणि विजेचे भाव भडकले. कोळसा त्यांनी २०३८ पर्यंत सोडायचा ठरवला आहे, अजून सोडलेला नाही. ब्रिटनने मात्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशाचे शेवटचे केंद्र बंद केले. ज्या देशात कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीज केंद्र १८८२ साली सुरू झाले, त्याच देशात.

जर्मनीत आता उन्हाळ्यात रविवारी दुपारी इतकी वीज होते की बाजारात तिचा भाव कधीकधी शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वीज घ्या आणि वर पैसे घ्या. हे मी भाऊंना सांगितले. ते म्हणाले, ‘‘थे इकडे पाठवा म्हणा.’’

हसण्यावारी नेऊ नका. याच ठिकाणी आपला विषय वळण घेतो. कोळसा आणि अणूच्या काळात उरलेली वीज रात्रीची होती. सूर्याच्या काळात ती दुपारची आहे. फ्रान्सने हे ओळखले. पन्नास वर्षे रात्री चालणाऱ्या त्या टाक्यांचे स्वस्त तास दुपारकडे सरकवण्याचे काम त्यांनी नोव्हेंबर २०२५ पासून सुरू केले आहे. भारतातही २०२५ मध्ये एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस यांच्याबाहेरची झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळसाच अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सूर्य रात्री नसतो आणि पावसाळ्यात झाकला जातो. एक मेगावॅटचे सौर केंद्र वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट देते, कोळशाचे एक मेगावॅट साठ लाख. मेगावॅटला मेगावॅट मोजणाऱ्या जाहिराती वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

पण ओलिताला हा दोष आड येत नाही. हरभऱ्याला पाणी लागते तेव्हा आपल्याकडे आकाश निरभ्र असते. नॉर्वेला धबधबे मिळाले, आइसलँडला गरम झरे मिळाले. आपल्या वाट्याला दिवाळीपासून मृगापर्यंत कडक ऊन आले. ज्या वेळी ऊन त्याच वेळी ओलित, हा जोड इतका साधा आहे की तो जुळवायला एवढी वर्षे का लागली याचे नवल वाटते. उत्तर किमतीत आहे. गेल्या पंधरा वर्षांत सौर पॅनेलची किंमत नव्वद टक्क्यांनी उतरली. त्यातला मोठा वाटा चीनच्या कारखान्यांचा.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. कल्पना अशी : गावाच्या सबस्टेशनजवळच काही मेगावॅटचे सौर केंद्र उभारायचे आणि त्याची वीज त्याच सबस्टेशनमधून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते आणि भाव युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. या दुसऱ्या टप्प्यातली राज्यातली पहिली पाच केंद्रे, एकूण १९ मेगावॅटची, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केली, ती आपल्याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या कार्यक्रमात. त्या दिवशी बंजारा संग्रहालयाची आणि शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा झालेल्या हप्त्याची चर्चा जास्त झाली, १९ मेगावॅट कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. पारसच्या एका संचाच्या तेराव्या हिश्श्याएवढे ते आहेत. पण एका मेगावॅटवर भर दुपारी पाच हॉर्सपॉवरच्या दोन-सव्वादोनशे मोटारी चालतात. म्हणजे तीन मेगावॅटमध्ये चार-पाच गावांचे ओलित दिवसा होऊ शकते.

दुसरी योजना प्रत्येकाच्या वावरात स्वतंत्र सौरपंपाची. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी सरकारचे. ज्यांच्यापर्यंत तारच पोचलेली नाही त्यांना हा पंप वरदान आहे. पण ढग आले की मोटर म्हातारी होते, वादळात पॅनेल उडतात आणि दुरुस्तीला माणूस वेळेवर येईल याची खात्री प्रत्येक कंपनीबाबत देता येत नाही. जिथे फीडर चांगला आहे तिथे मला सामूहिक केंद्रच बरे वाटते.

पाणी आणि वीज एकत्र आली नाही तर काय होते याचा नमुना आपल्या पैनगंगेवर आहे. कोकलगाव, जुमडा, राजगाव, उकळी अशा अकरा बॅरेजची माळ नदीवर उभी राहिली. पाणी अडले. पण काठच्या वावरांत ते उचलून न्यायला पुरेशी वीज नव्हती. सबस्टेशन आणि वाहिन्यांची कामे मागाहून आली. पाटबंधारे एका खात्याकडे, वीज दुसऱ्याकडे, आणि दोघांची वेळापत्रके वेगळी. मधल्या हंगामांत शेतकरी काठावर उभा राहून पाणी बघत होता. अशा नदीकाठच्या सबस्टेशनांना सौर केंद्रांत पहिला नंबर मिळाला पाहिजे.

आता जमीन. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. खासगी जमीन भाड्याने दिली तर एकरी वर्षाला ५० हजार रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दर आहे. कोरडवाहू सोयाबीनच्या एकरात खर्च वजा जाता एवढे हाती राहणे कठीण, तेव्हा लोक तयार होतात. ती मुरमाड असेल तर माझी हरकत नाही. काळी कसदार जमीन पंचवीस वर्षे पॅनेलखाली घालणे मला पटत नाही. आणि जिथे सरकारी जमीन निवडली जाते तिथे ती बहुधा ई-क्लास असते. कागदावर ती पडीक, पण तांड्यांच्या आणि गावांच्या शेळ्या-गायी तिच्यावरच चरतात. कारंजाजवळ समृद्धी महामार्गाच्या मोकळ्या जागेवर सौर पॅनेल बसले आहेत, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते. तिथे कोणाची गाय चरत नव्हती.

ग्रामपंचायतीला या योजनेत वर्षाला ५ लाख रुपये मिळतात, तेही तीनच वर्षे. प्रकल्प पंचवीस वर्षांचा. हे गणित गावाने मुकाट्याने स्वीकारू नये. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी निम्म्या हजारो सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या. अमेरिकेत १९३५ साली दहा शेतांपैकी नऊ शेतांत वीज नव्हती. खासगी कंपन्यांना खेड्यात तारा ओढणे परवडत नव्हते, तेव्हा शेतकऱ्यांनीच सरकारी कर्ज घेऊन सहकारी वीज संस्था काढल्या. सहकार आपल्याला शिकवायला नको. पण श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके वीज वाटली आणि थकबाकीच्या डोंगराखाली २०११ मध्ये तिचे काम थांबले, हेही विसरता येत नाही. वीज वाटण्याचा धंदा गावाने करू नये. वीज तयार करण्याच्या धंद्यात मात्र हिस्सा मागावा. तिथे वसुली घरोघरी फिरून करायची नसते, घेणारा एकच असतो.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज आहे, मार्च २०२९ पर्यंत. २००४ मध्येही निवडणुकीच्या तोंडावर मोफत विजेची घोषणा झाली होती आणि वर्षभरात ती मागे घेतली गेली होती. या वेळी मुदत लांब आहे. आजवर रात्रीच्या गैरसोयीमुळे का होईना, उपशाला एक लगाम होता. दिवसाची, फुकट आणि भरपूर लाइन मिळाली की तो सुटणार. पाकिस्तानात हे घडताना दिसते आहे. महाग विजेला कंटाळून तिथल्या लोकांनी २०२४ या एका वर्षात १७ हजार मेगावॅटचे पॅनेल परदेशातून आणले. पंजाबातल्या शेतकऱ्यांनी कूपनलिकांवर ते बसवले आणि आता भूजल खोल जाण्याची काळजी तिथे सुरू आहे. त्यांच्याकडे निदान सिंधूचा खोल गाळ आहे. आपल्याकडे हातभर काळ्या मातीखाली बेसाल्ट. वाशीमची विहीर फेब्रुवारीत वाकून पाहावी लागते.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली. पंप चालवून उरलेली वीज त्यांनी वीज कंपनीला विकली. मोटर बंद ठेवली तर पैसे मिळतात असे झाल्यावर मोटर बंद करायला कोणाला सांगावे लागले नाही. भारताच्या पंजाबने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. प्रत्येक पंपाला ठरावीक युनिट नेमून दिले आणि त्यांतले जितके वाचतील त्याला युनिटमागे ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. वीज तिथेही फुकटच होती, पण वाचवलेल्या युनिटला भाव आला. अडचण एकच, त्यासाठी मोटरला मीटर लागते. मीटर म्हटले की आपल्याकडे शेतकरी बिचकतो, उद्या फुकट बंद झाले तर याच मीटरवर बिल येईल म्हणून. २००४ चा अनुभव पाहता ती भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून मीटरआधी लेखी हमी हवी. मालेगाव किंवा मंगरुळपीर तालुक्यातला एखादा सौर फीडर निवडून, त्यावरच्या दोन-अडीचशे मोटारींना अशी हमी देऊन, दोन रब्बी हंगाम हा प्रयोग करून पाहावा. खर्च फार नाही, आणि मार्चमध्ये विहिरींची पातळी मोजायला भूगोलाचे निवृत्त मास्तर फुकट येतील.